रिकाम्या जागेत शून्य भरण्याआधी

वीकांत आला, चहा झाला, तर आज एका अगदी चिल्लर वाटणाऱ्या विषयावर लिहावं म्हणतोय. जावास्क्रिप्टमध्ये आपल्या हातात एक ॲरे असतो, म्हणजे नावांची साधी यादी. त्या यादीतलं एकेक नाव किल्ली म्हणून वापरून एक ऑब्जेक्ट बनवायचा आणि प्रत्येक किल्लीपुढे सुरुवातीला काहीतरी डीफॉल्ट किंमत ठेवायची. बस्स, एवढंच. (नुसतं 'की' लिहिलं की मराठी वाक्याचा पार घोळ होतो, म्हणून आज आपण किल्लीच म्हणू.) कॉलेजच्या व्हायव्हाला बाहेरून आलेले सर सुद्धा विचारणार नाहीत इतकं सोपं काम.

माझं म्हणणं असं आहे, की या दोन ओळींत टायपिंग कमी आणि निर्णय जास्त असतो. 'डीफॉल्ट काय ठेवू?' याचं उत्तर आपण बहुतेक वेळा हाताच्या सवयीने देतो. आकडा हवा असेल तर शून्य, मजकूर हवा असेल तर रिकामी स्ट्रिंग, हो-नाही हवं असेल तर 'नाही'. आणि इथेच माहिती नसलेल्या गोष्टीला माहितीचा वेष चढतो. पुढे तो वेष कोणालाही उतरवता येत नाही.

आधी तांत्रिक भाग उरकून घेऊ. उदाहरण आपल्या आवडीचं घेतो. पुढच्या ट्रेकसाठी पाच किल्ल्यांची यादी आहे: राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, लोहगड, रतनगड. ग्रुपमध्ये मतदान घ्यायचंय. म्हणजे आपल्याला हवंय असं काहीतरी:

{ राजगड: ०, तोरणा: ०, हरिश्चंद्रगड: ०, लोहगड: ०, रतनगड: ० }

हे करायचे तीन सरळ रस्ते आहेत. पहिला, साधा लूप. रिकामा ऑब्जेक्ट घ्या, यादीवरून फिरा, प्रत्येक नावापुढे शून्य लिहा. दुसरा, 'रिड्यूस'. हा २००९ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून भाषेत आहे आणि ज्यांनी नुकतंच फंक्शनल प्रोग्रामिंग वाचलंय त्यांचा हा फार लाडका. तिसरा, यादीवर 'मॅप' चालवून 'नाव, किंमत' अशा जोड्या करायच्या आणि त्या 'ऑब्जेक्ट डॉट फ्रॉमएंट्रीज'च्या हवाली करायच्या. हे फ्रॉमएंट्रीज २०१९ साली भाषेत आलं. मला विचाराल तर आज हाच रस्ता वाचायला सगळ्यात स्वच्छ. लूपही चांगलाच आहे, त्याची लाज वाटण्याचं काही कारण नाही.

रिड्यूसचं एक रूप मात्र टाळा. प्रत्येक फेरीला तीन टिंबं देऊन जुना ऑब्जेक्ट नव्या ऑब्जेक्टात उलगडायचा आणि वर एक नवी किल्ली चिकटवायची, हे ते रूप. दिसतं एका ओळीचं, पण दर फेरीला आधीच्या सगळ्या किल्ल्यांची नक्कल होते. १००० नावांची यादी असेल तर ० + १ + २ असं करत ९९९ पर्यंत, म्हणजे एकूण ४,९९,५०० नकला. पाच किल्ल्यांना काही फरक पडत नाही. पण आज पाच म्हणून लिहिलेला कोड उद्या पाच हजारांवर चालतो हे आपण सगळ्यांनीच बघितलंय.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. समजा मतांचा आकडा नको, कोणी मत दिलं त्यांची नावं हवीत. म्हणजे प्रत्येक किल्ल्यापुढे एक रिकामी यादी. आता तुम्ही वर एका व्हेरिएबलमध्ये रिकामा ॲरे करून ठेवला आणि तोच पाचही किल्ल्यांपुढे लावला, तर काय होईल? राजगडला पहिलं मत पडलं की ते तोरण्यालाही दिसेल, रतनगडलाही दिसेल. कारण यादी एकच आहे, तिच्याकडे बोट दाखवणारे पाच जण आहेत. पाच भावांना स्वतंत्र पासबुकं दिली पण मागे खातं एकच, तसला प्रकार. एकाने पैसे काढले की पाचांच्या पासबुकात एंट्री. ॲरेच्या 'फिल'ला रिकामा ॲरे दिला तरी हेच होतं. पायथनमध्ये डिक्शनरीच्या 'फ्रॉमकीज'ला रिकामी लिस्ट दिली तरीही हेच. उपाय सोपा आहे: आपल्या मदतनीस फंक्शनला डीफॉल्टची वस्तू देऊ नका, डीफॉल्ट बनवणारं छोटं फंक्शन द्या. ते दर किल्लीला नवी कोरी यादी करून देईल.

हा खड्डा मला तितकासा भीतिदायक वाटत नाही. का? कारण तो लगेच दिसतो. एक मत टाकलं की पाच ठिकाणी उगवतं, माणूस दचकतो, शोधतो, सापडतं. खरी भीती ज्या डीफॉल्टमुळे काहीच चुकल्यासारखं दिसत नाही त्यांची आहे.

तर आता मुद्द्यावर येतो.

मतदानाच्या उदाहरणात सुरुवातीचा शून्य शंभर टक्के खरा आहे. मतदान सुरू झालेलं नाही, म्हणून राजगडला शून्य मतं आहेत. ही मोजणी आहे आणि मोजणी शून्यापासूनच सुरू होते. पण त्याच यादीवरून आता दुसरा ऑब्जेक्ट बनवा: ग्रुपने प्रत्येक किल्ल्याला पाचपैकी किती गुण दिले. आपण फक्त दोनच किल्ले केलेत, एकाला ४ मिळाले, एकाला ५. उरलेल्या तीन किल्ल्यांपुढे काय? सवयीने शून्य टाकलात तर सरासरी येते १.८. खरी सरासरी आहे ४.५. प्रोग्राम क्रॅश होत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, टेस्टही पास होतात. फक्त स्क्रीनवर एक खोटा आकडा छान गोलाकार फाँटमध्ये झळकतो.

मोजणी आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजणीत शून्य म्हणजे 'अजून काही घडलं नाही'. नोंदीत शून्य म्हणजे 'आम्ही बघितलं आणि ते शून्य निघालं'. पहिल्यात शून्य सुरुवात आहे, दुसऱ्यात तो दावा आहे.

अजून एक पायरी पुढे जाऊ. त्याच पाच किल्ल्यांपुढे 'वर प्यायला पाणी आहे का?' अशी नोंद ठेवायची. हो-नाहीचा प्रश्न, म्हणून टाकला डीफॉल्ट. 'हो' टाकलात तर एप्रिलच्या उन्हात कोणीतरी एक बाटली घेऊन गड चढेल आणि वर कोरडं टाकं बघेल. 'नाही' टाकलात तर निदान माणूस जास्तीचं पाणी उचलून नेईल, म्हणजे ही चूक कमी घातक. पण तरीही ती माहिती नव्हेच. कारण 'आम्ही मे महिन्यात जाऊन आलो, टाकं कोरडं होतं' आणि 'आम्हाला कोणी विचारलंच नाही' या दोन्ही गोष्टी आता एकाच शब्दात दिसतायत. हो-नाहीच्या प्रश्नाला खऱ्या आयुष्यात तीन उत्तरं असतात: हो, नाही आणि माहीत नाही. तिसऱ्या उत्तराला जागा ठेवली नाही तर ते पहिल्या दोघांपैकी एकाच्या घरात घुसतं.

तुम्ही म्हणाल, किती ताणताय राव! एका ऑब्जेक्टच्या डीफॉल्टने कोणाचं काय बिघडतंय?

बिघडतं. अमेरिकेतली मॅक्समाइंड नावाची कंपनी आयपी ॲड्रेसवरून ठिकाण सांगणारा विदा पुरवते. कित्येक आयपी ॲड्रेसबद्दल 'अमेरिकेत कुठेतरी' यापलीकडे काहीच माहीत नसायचं. पण रकाना तर अक्षांश-रेखांशाचा, तिथे आकडे हवेत. मग देशाचा भौगोलिक मध्य घेतला आणि आकडे जरा सुटसुटीत केले: ३८ उत्तर, ९७ पश्चिम. हा बिंदू पडला कॅन्सस राज्यातल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर. होता होता ६० कोटींहून जास्त आयपी ॲड्रेस त्या एका घराच्या अंगणात जाऊन बसले. मग काय, इंटरनेटवर फसवले गेलेले लोक तिथे चोर शोधत यायचे, पळून गेलेली मुलं शोधत पोलीस यायचे, केंद्रीय तपास अधिकारी यायचे. घरातल्या माणसांना कळेचना की आपण केलं काय! वर्षानुवर्षं हे चाललं. २०१६ साली एका अमेरिकन पत्रकार बाईंनी याचा छडा लावला, तेव्हा कुठे उलगडा झाला. कंपनीचं म्हणणं होतं, आमचा विदा एखाद्याचं घर शोधण्यासाठी नाहीच मुळी. ते खरंही असेल. पण वापरणाऱ्याला समोर दिसत होते दोन नेमके आकडे. 'आम्हाला माहीत नाही' असं त्या आकड्यांवर कुठे लिहिलेलं नव्हतं. नंतर कंपनीने तो डीफॉल्ट बिंदू हलवून एका तळ्याच्या मध्यावर नेला. म्हणजे डीफॉल्ट राहिलाच, फक्त तिथे दार ठोठावायला कोणाचं दार उरलं नाही.

इतक्या लांब कशाला जा, आपल्याकडचं बघा. महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस १ जूनला असतो, कधी मोजलंय? घरात, सोसायटीत, ऑफिसच्या रेकॉर्डमध्ये, जिथे बघाल तिथे १ जून. त्या दिवशी जन्मांचा काही पूर येत नव्हता. मूल शाळेत घालायला आणलं, जन्मतारीख आईबापांना सांगता येईना, आणि दाखल्याचा रकाना तर रिकामा ठेवता येत नाही. शाळा जूनमध्ये सुरू. मग गुरुजींनी अंदाजाने वर्ष ठरवलं आणि तारीख लावली १ जून. कागदावर केलेलं डीफॉल्ट व्हॅल्यूचं हे अस्सल मराठी उदाहरण आहे :)

गुरुजींना मी दोष देत नाही. पोरगं शाळेत बसलं हे जास्त महत्त्वाचं होतं आणि फॉर्ममध्ये 'माहीत नाही' लिहायची सोय कोणी ठेवली नव्हती. पण त्या तारखेचं पुढे काय झालं ते बघा. दाखल्यावरची तारीख नोकरीच्या सेवापुस्तकात गेली. सरकारी नियमाप्रमाणे महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दरवर्षी ३१ मे आला की निरोप समारंभांची एकच गर्दी. माझे आजोबाही त्यातलेच. पणजी सांगायची, हा दिवाळीच्या पुढंमागं झाला. म्हणजे दाखल्यावरचं वर्ष बरोबर होतं असं धरलं तरी साधारण पाच महिन्यांचा पगार त्या एका डीफॉल्टने खाल्ला. आणि गंमत अशी, की ज्यांचा जन्म खरंच १ जूनला झालाय त्यांची खरी तारीखही या गर्दीत हरवली. कोणती खरी, कोणती लावलेली, हे आता कागद बघून कोणीही सांगू शकत नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. खोट्या किमतीमुळे एक नोंद बिघडते ते बिघडतेच, पण त्याच किमतीच्या बाकी सगळ्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

आता परत जावास्क्रिप्टकडे. या बाबतीत भाषा आपल्याला मदत करते आणि पाडतेही.

मदत अशी, की तिच्याकडे रिकामेपणासाठी एक सोडून दोन किमती आहेत: 'नल' आणि 'अनडिफाइन्ड'. बाकीच्या भाषावाले हसतात, हसू देत. पण दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. फंक्शनच्या पॅरामीटरला दिलेला डीफॉल्ट फक्त अनडिफाइन्ड आला तरच लागतो, नल आला तर लागत नाही. जेसनमध्ये तर अनडिफाइन्ड नावाची गोष्टच नाही. ऑब्जेक्टचा जेसन करताना अनडिफाइन्ड किंमत असलेली किल्ली गुपचूप गळून जाते, नल मात्र शाबूत राहतो. म्हणून सर्व्हरपर्यंत 'माहीत नाही' पोहोचवायचं असेल तर सुरुवातीची किंमत नल ठेवा.

पाडते अशी, की नल ठेवला म्हणजे सुटलो असं होत नाही. बेरजेत जावास्क्रिप्ट नलला मुकाट्याने शून्य समजते. वरची गुणांची सरासरी नल न गाळता काढलीत तर परत १.८च येईल! तिथे अनडिफाइन्ड असता तर उत्तर 'नॅन' आलं असतं, म्हणजे निदान बोंब तरी झाली असती. तेव्हा आकडेमोडीआधी माहीत नसलेल्या नोंदी बाजूला काढणं हे आपलंच काम.

दुसरं म्हणजे दोन उभ्या रेघांची आपली जुनी सवय. 'डावीकडे काही नसेल तर उजवीकडचं घे' म्हणून आपण ती वापरतो, पण तिच्या लेखी शून्य, रिकामी स्ट्रिंग आणि 'नाही' हे सगळे 'काही नाही'च असतात. समजा गडाखालच्या पार्किंगचे पैसे माहीत नसतील तर ५० धरायचे असं ठरवलंय. एका ठिकाणी पार्किंग खरंच फुकट आहे, नोंद आहे ०. दोन रेघांनी तुम्ही त्याचेही ५० करून टाकता. २०२० साली भाषेत दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर आला तो यासाठीच. तो फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच रिकामं मानतो, खऱ्या शून्याला हात लावत नाही. मला तर वाटतं, या एका ऑपरेटरमुळे 'शून्य' आणि 'नाही माहीत' हा फरक भाषेच्या व्याकरणात आला.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं, कारण ते फालतू नाही. पहिला आक्षेप: नल ठेवला की पुढे शंभर ठिकाणी तपासणी करावी लागते, त्यापेक्षा शून्य टाकून मोकळं व्हावं. खरंय, तपासण्या वाढतात. पण शून्य टाकल्याने तो प्रश्न संपत नाही, फक्त तो विचारण्याची सोय संपते. त्यातून सोयीचा मार्गही आहे. साठवताना नल ठेवा, दाखवताना डीफॉल्ट लावा. स्क्रीनवर शून्य दाखवायचा, डॅश दाखवायचा की 'माहिती उपलब्ध नाही' लिहायचं, हा निर्णय अगदी शेवटच्या टोकाला, एका जागी घ्या. तो उद्या बदलता येतो. साठवलेला खोटा शून्य उद्या बदलता येत नाही, कारण कोणता खोटा हेच कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खुद्द टोनी होअर, ज्यांनी १९६५ साली नल रेफरन्स आणला, त्यांनीच २००९ साली त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मग आम्ही नल का वापरावा? पण त्यांचं दुखणं नीट बघा. 'काहीच नाही' ही अवस्था असूच नये असं ते म्हणत नव्हते. कोणती गोष्ट रिकामी असू शकते आणि कोणती नाही, हे कंपायलरला कळत नव्हतं, ही अडचण होती. त्यावर आता इलाज आहे. टाइपस्क्रिप्टने २०१६ साली दुसऱ्या आवृत्तीत नलची कडक तपासणी आणली. तिथे तुम्ही 'आकडा किंवा नल' असा टाइप लिहिलात, की नलचा विचार न करता केलेली बेरीज कंपायलर पासच करत नाही. म्हणजे नल मुकाट्याने शून्य होण्याची जी खोड वर सांगितली, तिचाही बंदोबस्त होतो.

तिसरा आक्षेप प्रत्येक स्टँडअपला ऐकू येतो: वेळ नाहीये. याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, की टाइप करायला ० आणि नल यांत तीन अक्षरांचा फरक आहे. वेळ लागतो तो विचाराला, आणि तोही अर्धा मिनिट. हा रकाना मोजणीचा आहे की नोंदीचा? मोजणीचा असेल तर बिनधास्त शून्य टाका. नोंदीचा असेल तर 'माहीत नाही'ला स्वतंत्र जागा द्या. आणि अगदीच काहीतरी किंमत टाकावीच लागणार असेल, तर चुकीची ठरल्यावर ती कोणाच्या दारात जाऊन पडेल, हे एकदा बघा.

आपल्यापैकी बरेच जण आज बँकांचे, हॉस्पिटलांचे, विम्याचे, सरकारी योजनांचे फॉर्म बनवतायत. 'ॲलर्जी आहे का?'पुढे डीफॉल्ट 'नाही' असतं ते कोणीतरी टाकलेलं असतं. 'उत्पन्न'पुढे शून्य असतं तेही. जो मान पूर्वी दाखला लिहिणाऱ्या गुरुजींना होता, तो आता तुमच्या-माझ्याकडे आलाय. फरक इतकाच, की त्यांच्या फॉर्ममध्ये 'माहीत नाही'चा रकाना नव्हता. आपला फॉर्म आपणच बनवतो.

असो. लेख लांबला. सोमवारी एखाद्याच्या कोडचा रिव्ह्यू कराल आणि यादीवरून शून्यांनी भरलेला ऑब्जेक्ट दिसेल, तेव्हा फक्त एकच विचारा: हा शून्य मोजलेला आहे की लावलेला?

ता. क. : किल्ल्या वापरणाऱ्याने टाइप केलेल्या असतील, म्हणजे शब्दांची मोजणी वगैरे, तर साध्या ऑब्जेक्टऐवजी 'मॅप' नावाचा जो स्वतंत्र प्रकार २०१५ साली भाषेत आला तो वापरा. साध्या ऑब्जेक्टला 'कन्स्ट्रक्टर'सारख्या काही किल्ल्या वारशाने मिळतात. कोणी नेमका तोच शब्द टाइप केला, तर तुमची मोजणी शून्याऐवजी त्या वारशापासून सुरू होते!